डोळ्याखालच्या पांढऱ्या कण्या: पिन हातात घ्यायच्या आधी हे क्रमानं करा

आठवड्याला दोन-तीन जणी तरी येतात. खुर्चीत नीट बसायच्या आधीच गाल पुढं करतात आणि म्हणतात, "अक्का, हे तेवढं फोडून दे की." डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, कधी नाकाच्या बाजूला पांढरे दाणे, आपल्या बासमतीच्या बारीक कणीएवढे. दुखत नाहीत, खाजत नाहीत, नुसते बसलेत. निम्म्या जणींनी घरी पिन मारून बघितलेली असते, त्यामुळं कणी तिथंच आणि शेजारी काळा डाग. मी फोडून देत नाही. बेळगावात शहापूरला पार्लर चालवणारी बाई हातातलं काम सोडते म्हणून काही जणी रागावून पण जातात. रोज तेच सांगून तोंड दुखतंय म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढते.

चूक होते ती क्रमात. सगळ्या जणी शेवटची पायरी पहिली करतात, म्हंजे काढून टाकायचं आधी आणि कशानं आलं ते बघायचं कधीच नाही. मग दोन महिन्यांत शेजारी नवीन चार येतात आणि "मुळासकट निघालं नाही वाटतं" म्हणून परत पिन. याला मूळबीळ काही नसतं. आधी ओळखायचं, मग कारण बंद करायचं, मग कातडी शांत करायची, मग क्रीम, आणि उरलंच तर डॉक्टरकडून काढून घ्यायचं. पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. एवढा दम नसेल तर सरळ पाचव्या टप्प्यापाशी जा, पण दुसरा टप्पा वाचूनच जा.

टप्पा १: ते मिलियाच आहे का बघा

या कणीला डॉक्टर मिलिया म्हणतात. आत पू नसतो, चरबी पण नसते. आत असतं केराटिन, नखं आणि केस ज्याचे बनतात तेच. वरच्या कातडीची मेलेली पेशी रोज झडत असते, त्यातला थोडा माल आतच अडकला की त्याच्याभोवती बारीक पिशवी तयार होते आणि तो गोळा होऊन कडक बसतो. मुरमाला तोंड असतं, याला नसतं. म्हणून तुम्ही कितीही दाबा, बाहेर यायला वाटच नाही, दाबून फक्त आजूबाजूची कातडी सुजते.

बघायची पद्धत अशी:

१. सकाळी तोंड धुवून, पुसून, दहा मिनिटं काही न लावता खिडकीपाशी बसा. उजेड समोरून नको, बाजूनं पाहिजे. ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं दिसतं.

२. हात धुवा आणि दोन बोटांनी कातडी हलकी ताणा.

३. दाणा गोल, कडक, मोत्यासारखा पांढरा किंवा किंचित पिवळट, एक-दोन मिलीमीटरचा, भोवती लाली नाही, मध्ये भोक नाही, तर बहुतेक मिलियाच.

आता फसवणारे बाकीचे बघा, कारण घोळ इथंच होतो.

व्हाइटहेड मऊ असतो, जास्त करून कपाळ-नाक-हनुवटीवर, तेलकट चेहऱ्यावर, आणि सोबत दोन-चार मुरूम असतातच. पापणीच्या आतल्या कोपऱ्याला पिवळसर चपटा चट्टा असेल तर ते झॅन्थेलाझ्मा. त्यात कोलेस्टेरॉल साठलेलं असतं, म्हणून चेहऱ्याचं नंतर बघा, आधी उपाशीपोटी रक्त देऊन लिपिड तपासून घ्या. दोन्ही खालच्या पापण्यांवर कातडीच्याच रंगाचे, जोडीनं आल्यासारखे दाणे असतील तर सिरिंगोमा. तो घामाच्या नळ्यांचा प्रकार, त्याला क्रीम सहसा लागू पडत नाही, उगीच पैसे घालवू नका. दाण्याच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असेल तर मोलस्कम, तो व्हायरस आहे, लहान पोरांत जास्त, आणि एकाच टॉवेलनं सगळ्या घराला मिळतो. पावसाळ्यात नाहीतर हेल्मेटखाली कपाळावर एकसारख्या बारीक पुटकुळ्या आल्या आणि खाज सुटली, तर ती बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं. ओठाच्या कडेला बारीक पिवळे ठिपके असतील ते फोर्डाइसचे ठिपके, ते जन्मभर असले तरी काही बिघडत नाही, सोडून द्या.

⚠ दाणा एकटाच आहे, वाढतोय, चमकतोय, मधनंमधनं रक्त येतंय किंवा खपली धरून परत परत ओला होतोय, तर हा लेख बंद करा आणि स्किनच्या डॉक्टरकडे जा. विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी.

तपासा: मोबाइलवर जवळून फोटो काढला का? तारखेसकट ठेवा. पुढं आठ आठवड्यांनी "काही फरकच नाही" असं वाटेल तेव्हा हाच फोटो उपयोगी पडतो. आरशावर भरवसा ठेवू नका, आरसा रोज बघून डोळा मरतो.

टप्पा २: कशानं आलंय ते शोधा आणि बंद करा

हा टप्पा कुणालाच आवडत नाही कारण यात काही लावायचं नसतं, सोडायचं असतं.

घरातल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या टेबलावर काढून ठेवा. नवऱ्याच्या, सासूच्या पण, कारण एकाची ट्यूब दुसऱ्याच्या तोंडाला जाते हे मी रोज बघते. आता प्रत्येक ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ही नावं दिसली की ती ट्यूब बाजूला ठेवा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. ही सगळी स्टिरॉइडं. गजकर्णाची ट्यूब, खाजेची ट्यूब, "गोरं करणारं" म्हणून शेजारणीनं दिलेलं, सगळ्यात हीच निघतात. वांगाचं म्हणून जे तीन औषधांचं मिश्रण मिळतं, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन, ते डॉक्टर काही आठवड्यांसाठी देतात आणि आपल्या बायका तीच चिठ्ठी लॅमिनेट केल्यासारखी जपून दोन-दोन वर्षं लावतात. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, म्हणून सोडवत नाही. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, मुरूम येतात, आणि हो, मिलिया पण येतात.

⚠ महिनोन् महिने लावलेलं स्टिरॉइड एका रात्रीत बंद केलं तर चेहरा लालभडक होऊन आग होऊ शकते, मग घाबरून बायका परत तेच लावतात आणि चक्र सुरू. तुमचं असं असेल तर पुढचे टप्पे घरी करू नका. ट्यूब पिशवीत घालून डॉक्टरला दाखवा, कसं सोडायचं ते ते सांगतील.

दुसरं कारण जाड क्रीम. डोळ्याखालची कातडी सगळ्या चेहऱ्यात पातळ, आणि आपण नेमकं तिथंच जाड नाइट क्रीम, पेट्रोलियम जेली, खोबरेल, साय थापतो. काळी वर्तुळं जावीत म्हणून बदामतेल चोळणाऱ्या तर लई. प्रत्येकीलाच याचा त्रास होतो असं नाही, पण ज्यांना कण्या येतात त्यांनी डोळ्याखालचं सगळं तेलकट चार आठवडे बंद करून बघायचं. खर्च शून्य.

तिसरं, राहिलेला मेकअप. लग्नातनं रात्री एकला घरी आल्यावर फाउंडेशन आणि काजळ तसंच घेऊन झोपायचं, हे.

चौथं कारण लोकांना सुचतच नाही. कातडीला इजा होऊन ती भरून येताना पण मिलिया येतात. कढईतलं तेल उडून गालावर फोड आला होता, तो बरा झाला आणि महिन्याभरात तिथंच पांढरे दाणे. लेसर किंवा जोरदार पील, म्हंजे औषधानं वरची कातडी सोलून घेणं, ते करून घेतल्यावर तसंच. वर्षानुवर्षं उन्हात काम करणाऱ्यांच्या गालावर पण दिसतात, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, फिरतीवरचे लोक. भाजल्यावर नाहीतर पील केल्यावर आलेले असतील तर घाई करू नका, त्यातले काही वेळ गेला की आपोआप पण निघू शकतात.

तपासा: चार आठवडे सोडल्यावर फोटो ताडून बघा. नवीन यायचे थांबले असतील तर कारण सापडलं, जुने जायला वेळ लागणारच.

टप्पा ३: कातडी शांत करा, किमान दोन आठवडे

रात्रीचं क्रीम चांगल्या कातडीवर काम करतं, सोललेल्या कातडीवर आग लावतं.

तोंड दिवसातनं दोनदाच धुवायचं, कोमट पाण्यानं, सौम्य फेसवॉशनं. अंगाचा साबण तोंडाला नको. स्क्रब पूर्ण बंद, मग तो अक्रोडाचा असो, तांदळाच्या पिठाचा असो नाहीतर घरात दळलेल्या मसूर डाळीचा. घासून कणी निघत नाही, ती कातडीच्या आत आहे, तुम्ही घासताय कातडीच्या वर.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं काय हालत असते ते सांगायला नको. खानापूर बाजूला तर आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. ओलसर, कुबट टॉवेलनं तोंड पुसत राहिलं तर बुरशीच्या पुटकुळ्या येऊ शकतात आणि आपण त्याला मिलिया समजतो. तोंडाला वेगळा पातळ पंचा ठेवा, तीन-चार असू द्यात, आणि वाळला नसेल तर इस्त्री फिरवा.

मॉइश्चरायझर पातळ जेल किंवा लोशन, ज्यावर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हंजे कातडीची भोकं न बुजवणारं, असं लिहिलंय ते. "माझी कातडी तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर नको" असं म्हणणाऱ्यांनीच पुढच्या टप्प्यात सगळ्यात जास्त सोलून घेतलंय.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा ओढून येईल एवढं, चेहरा आणि मान मिळून. ढग आहेत म्हणून सोडायचं नाही, ढगातनं पण किरणं येतातच. उन्हाळ्यात घामानं वाहून जातं, बाहेर काम असेल तर दोन-तीन तासांनी परत लावा. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर जराशी जखम झाली तरी काळा डाग राहतो, आणि ऊन लागलं की तो आणि गडद होतो, म्हणून हे एवढं लांबण.

टप्पा ४: रात्रीचं क्रीम

"अक्का, क्रीम लावूलालोय पण जाईनाच झालंय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. विचारलं की कळतं, सकाळी लावते, ओल्या तोंडाला लावते, आणि दहा दिवसच झालेत.

यासाठी जास्त करून अ‍ॅडापेलीन ०.१ टक्का जेल देतात. रेटिनॉइडच्या, म्हंजे व्हिटॅमिन ए सारख्या औषधांच्या घरातलंच, पण त्यातलं जरा सौम्य. कधी ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के देतात, ते जास्त झोंबतं. कुठलं घ्यायचं ते डॉक्टरला विचारून ठरवा, मेडिकलवाल्याला विचारून नको. तो बिचारा जे खपतं ते देतो.

⚠ दिवस राहिलेत, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चाललाय, तर रेटिनॉइड अजिबात नाही. बाळाला पाजत असाल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. चेहऱ्यावर इसब असेल, कातडी आत्ताच सोललेली असेल तरी थांबा.

लावायची रीत:

१. आधी तीन रात्री कानाच्या मागं थोडं लावून बघा. नुसता कोरडेपणा चालेल, फोड किंवा सूज आली तर नाही.

२. रात्री तोंड धुवा, टिपून कोरडं करा, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. भांडी आवरा, पोरांचं दप्तर भरा. ओल्या कातडीत औषध जास्त आत शिरतं आणि आग होते.

३. नाकाच्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्याला मॉइश्चरायझरचा पातळ हात. तिथं सगळ्यात आधी सोलतं.

४. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच जेल. पाच ठिकाणी ठिपके देऊन पसरा. नुसत्या कणीवर थापून ठेवायचं नाही, त्यानं तेवढाच गोल लाल होतो.

५. डोळ्याभोवती बोटानं चाचपलं की जे हाड लागतं, त्या हाडाच्या आत जायचं नाही. खाली नाही, वर पापणीला तर नाहीच.

६. दहा मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर.

७. पहिले दोन आठवडे आठवड्यातनं दोन रात्री, पुढचे दोन आठवडे एका आड एक, सोसलं तर मग रोज.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोरडं पडणं, जरा लाली, बारीक पापुद्रे, हे व्हायचंच. पाणी लागलं तरी झोंबत असेल तर दोन-तीन रात्री सुट्टी द्या आणि परत कमी वेळा सुरू करा. फरक बघायचा तो आठ ते बारा आठवड्यांनी. खरं सांगायचं तर क्रीमनं सगळ्या कण्या जातील असं नाही. काही जातात, काही वर येऊन काढायला सोप्या होतात, आणि नवीन यायच्या कमी होतात. कडक बसलेली जुनी कणी क्रीमला दाद देत नाही.

आता डोळ्याच्या अगदी जवळच्यांचं काय? तिथं क्रीम लावायचंच नाही असं वर म्हटलंय, तर त्यांना दोनच वाटा, सोडून देणं नाहीतर पाचवा टप्पा. सोडून दिलं तरी चालतं, त्यानं काही अपाय होत नाही.

⚠ ही चूक माझ्या धंद्यातली म्हणून ठळक सांगते. रेटिनॉइड चालू असताना वरच्या ओठाला, गालाला किंवा भुवईला वॅक्स केलं तर केसाबरोबर कातडी पण निघते, अक्षरशः सोलून. खुर्चीत बसायच्या आधी पार्लरवालीला सांगा की असं क्रीम लावतेय. वॅक्सच्या आधी किमान आठवडाभर बंद ठेवा, आणि शक्यतो त्या दिवसांत वॅक्स नकोच. थ्रेडिंग चालतं पण दोन-तीन दिवस आधी क्रीम थांबवून, आणि कातडी सोलत असेल तर तेही नाही. ब्लीच, फेशियल, सगळं लांब.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड दोन टक्के, ग्लायकोलिक, व्हिटॅमिन सी, आणि वर हे, एकाच वेळी सगळं लावणाऱ्या पण असतात, रील बघून. एका वेळी एकच. सॅलिसिलिक व्हाइटहेडला चांगलं, मिलियाला फार उपयोगी नाही.

टप्पा ५: काढून घेणं

काढायचं काम स्किनच्या डॉक्टरचं. ते काय करतात ते सांगते, म्हंजे तुम्हाला कळेल की घरी का होत नाही. जागा स्पिरिटनं पुसतात, लागलं तर सुन्न करायचं क्रीम अर्धा-पाऊण तास लावून ठेवतात. मग पाकिटातनं नवी काढलेली बारीक निर्जंतुक सुई आडवी धरून कणीच्या छपराला नुसता चिरा देतात, खोल नाही, आणि बाजूनं हलका दाब. आतला पांढरा मणी भिजलेल्या साबुदाण्यासारखा अख्खा बाहेर येतो. एक कणी, मिनिटभराचं काम. कुणी काटरीनं म्हंजे विजेच्या बारीक टोकानं पण काढतात.

घरची पिन उभी जाते. खोल जाते, छप्पर सोडून आत घुसते, रक्त येतं, मणी तिथंच. मी स्वतः शिकत असताना, वीस-एक वर्षं झाली असतील, माझ्याच डाव्या डोळ्याखाली सेफ्टी पिन गॅसवर तापवून मारली होती. दोन कण्या होत्या. एक निघाली, दुसरी सुजली, पिकली, आणि लग्न ठरवायच्या फोटोत तो डाग पावडरखालनं पण दिसायचा. आठ महिने होता. तापवलेल्या पिनेवर काजळी बसते आणि तीच आपण कातडीत भरतो, हे तेव्हा कोण सांगणार.

पार्लरात का नको? एक सुई दोघींना वापरली गेली तर हिपॅटायटिस बी सारखा आजार रक्तातनं जातो. स्वच्छ पार्लर असलं तरी डोळ्यापासनं एका बोटाच्या अंतरावर सुई धरायचं आमचं शिक्षण झालेलं नसतं.

⚠ निपाणी-चिकोडी बाजूला अजून चुना आणि सोडा कालवून मस जाळायची पद्धत आहे. "मसावर चालतं तर याला का नाही" म्हणून एक बाई गालावर लावून आली होती. चुन्यानं कातडी भाजते, कणी जाते आणि तिथं खड्डा राहतो. डोळ्याजवळ तर विचार पण नको, चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. टूथपेस्ट, लिंबू, लसूण, खायचा सोडा, सगळे याचेच भाऊबंद.

डॉक्टरकडं जाताना:

सगळ्या ट्यूबा पिशवीत घेऊन जा, नावं आठवत बसू नका. जखम झाली की तिथं मांस वाढतं का (कीलॉइड), साखर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, हे विचारायच्या आधी सांगा. "सुई नवीन आहे ना?" असं विचारायला लाजू नका. पहिल्या वेळी सगळ्याच न काढता दोन-तीन काढून घ्या, डाग कसा पडतो ते महिनाभर बघा, मग बाकीच्या.

सरकारी दवाखान्यात गेलात तर चर्मरोग विभागाची ओपीडी कुठल्या वारी आहे ते आधी विचारून घ्या, लांबून गावाकडनं येऊन परत जायची पाळी येते. चिठ्ठीच्या खिडकीवर कन्नडच बोलणारं कुणी असेल तर "मुखद मेले बिळी गुळ्ळे" एवढं म्हणा, तोंडावर पांढऱ्या पुळ्या, बरोबर त्या खोलीत पाठवतात. आत गेल्यावर मात्र "मिलिया आहे" असं सांगू नका, नुसतं दाखवा आणि त्यांना ओळखू द्या.

टप्पा ६: काढल्यानंतरचे दहा दिवस

पहिला दिवस तिथं फेसवॉश नाही, चोळणं नाही, मेकअप नाही. दिलेलं मलम सांगितलं तेवढेच दिवस. बारीक खपली धरते ती आठवड्याच्या आत आपोआप पडते, नखानं उचललीत तर डाग नक्की. हळद लावू नका, ताज्या जखमेत पिवळी भुकटी भरून काही साधत नाही. सनस्क्रीन खपली पडल्यावर त्या जागेवर, तोवर टोपी, छत्री, पदर. गाडीवरनं जाताना स्कार्फ बांधता तो धुतलेला असू दे, आठवडाभर तोच बांधून धूळ आणि घाम परत जखमेवर नको. रेटिनॉइड जागा पूर्ण भरल्यावर परत सुरू करा, डॉक्टर सांगतील तेव्हा.

तपासा: तिसऱ्या दिवशी लाली कमी व्हायला पाहिजे. वाढत असेल, गरम लागत असेल, ठणकत असेल, पू दिसत असेल तर त्याच दिवशी परत दाखवा.

टप्पा ७: परत येऊ नयेत म्हणून

यात नवीन काही नाही. डोळ्याखाली जाड काही नको. मेकअप उतरवल्याशिवाय झोपायचं नाही. सनस्क्रीन बारा महिने. क्रीम सोसलं असेल तर आठवड्यातनं दोन-तीन रात्री चालू ठेवायचं का ते डॉक्टरला विचारा. हे सगळं करून पण कुणाकुणाला येतातच, कातडीचा स्वभाव असतो. वर्षातनं एकदा दोन काढून घ्यायच्या आणि गप्प बसायचं. पण एकदम खूप, घोळक्यानं, कानामागं किंवा लालसर सुजलेल्या चकत्यांवर आल्या तर दाखवा, ते नेहमीचं नाही.

बाळाच्या तोंडावर असतील तर

वरचं एकही करू नका. नवीन जन्मलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या नाकावर, गालावर असे पांढरे ठिपके असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी डाळीच्या पिठानं नाहीतर कणकेच्या गोळ्यानं लव काढताना नाकावर जोर देतात, त्यांना तेवढं प्रेमानं थांबवा. तोंडाला तेल पण नको, अंगाला लावा की. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. आजी ऐकत नसतील तर बाळाच्या डॉक्टरकडून आजींच्या समोरच वदवून घ्या, सुनेचं ऐकण्यापेक्षा ते सोपं जातं.

लग्न असेल तर तारखा अशा लावा

"पुढच्या रविवारी हळद आहे, आज काढून दे." नाही. नवरीनं क्रीम सुरू करायचं ते किमान चार महिने आधी. काढून घ्यायचं असेल तर लग्नाच्या दीड-दोन महिने आधी, म्हंजे डाग पडलाच तर फिका व्हायला वेळ मिळतो. शेवटच्या महिन्यात नवीन काहीही सुरू करायचं नाही, फुकट मिळालेलं क्रीम पण नाही. रेटिनॉइड हळदीच्या आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर हळदीनं चेहरा पेटतो. हळद कालवताना तोंडासाठीची वाटी वेगळी ठेवा, त्यात तेल नाही, दुधात कालवलेली, आणि करवल्यांना सांगून ठेवा डोळ्याखाली चोळायची नाही म्हणून. आणि तोवर कणी गेलीच नसेल तर राहू दे, मेकअपवाल्या पोरीला सांगा तिच्यावर कन्सीलर थापू नको, जाड थरानं ती आणि उठून दिसते, पातळ हात फिरव आणि पावडर टिप.